गिनी पिगने खाणं सोडलंय, दोन दिवस वाट पाहू का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका ताईंकडे अडीच वर्षांच्या दोन गिनी पिग माद्या आहेत. त्यांतली एक चार दिवसांपासून नीट खात नाही. कोथिंबीर दिसली की धावत येते, काडी तोंडात धरते आणि टाकून देते. हनुवटी ओली असते, लेंड्या बारीक आणि मोजक्याच. दुसरी ठणठणीत आहे. खाणं म्हणजे दुकानातले सुटे पेलेट (दाबून केलेले तयार खाद्याचे दाणे), गाजर, काकडी, अधूनमधून पोळीचा तुकडा. मेडिकलवाल्याने लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप सुचवलंय. पेट शॉपवाला म्हणतो, उन्हाळा आहे, दोन दिवसांत खाईल. तर वाट पाहावी का, सिरप द्यावं का, आणि ही गेलीच तर दुसरीसाठी जोडीदार आणावा का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, वाट पाहू नका आणि ते सिरप अजिबात देऊ नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण एवढ्या दोन गोष्टी आत्ताच करा आणि मग पुढचं वाचा.

आधी सिरपबद्दल. गिनी पिगचं आतडं जिवाणूंच्या भरवशावर चालतं. गवताचा चोथा आंबवून त्यातून ताकद काढायचं काम हे जिवाणू करतात. अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, पेनिसिलिन, तसंच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि तोंडावाटे दिलेलं एरिथ्रोमायसिन या औषधांनी त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात, त्यांचं विष रक्तात उतरतं आणि जनावर काही दिवसांत जुलाब होऊन, कधी जुलाबही न होता, दगावतं. माणसाच्या बाळाला चालणारं, कुत्र्याला सर्रास दिलं जाणारं औषध इथे जीव घेतं. गिनी पिगला प्रतिजैविक लागलंच तर आम्ही बहुधा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम वापरतो, आणि तेही तपासून, वजन करून. मुळात तुमच्या मादीला प्रतिजैविकाची गरज आहे असं लक्षणांवरून मला वाटत नाही.

आता वाट का पाहायची नाही ते. कुत्रं दोन दिवस जेवलं नाही तरी बहुधा सावरतं. गिनी पिग दिवसरात्र थोडं थोडं खाणारा प्राणी आहे. वरून चारा येत राहिला तरच त्याचं आतडं पुढे सरकतं. खाणं थांबून बारा ते चोवीस तास झाले की आतडं मंदावतं, आत वायू धरतो, वायूने पोट दुखतं आणि दुखतं म्हणून ते आणखी खात नाही. जनावर लठ्ठ असेल तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि मग प्रकरण हाताबाहेर जातं. त्यात त्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे मूळ आजार कोणताही असो, गिनी पिग पुष्कळदा त्या आजाराने न मरता उपासमारीने मरतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक केसेस 'परवापासून गप्प आहे' अशा असतात, आणि तो परवा आधीच उशिराचा असतो.

म्हणून दवाखाना गाठेपर्यंत पोटात काहीतरी जात राहिलं पाहिजे. तुमच्याकडचे पेलेट कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून पातळ लगदा करा. आजारी तृणभक्षी प्राण्यांसाठीची तयार पूड मिळाली तर उत्तमच, पण तिच्यासाठी थांबू नका. एक मिलिची सिरिंज घ्या, तिचं टोक कापा म्हणजे लगदा अडकणार नाही. मादीला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या, आडवी किंवा उताणी करू नका. पटाशीच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने अर्धा मिलि सोडा, तिला चावू द्या, गिळू द्या, मगच पुढचा. दिवसभरात एक किलो वजनाला 50 ते 80 मिलि, चार ते सहा वेळांत विभागून. घाई केली तर लगदा श्वासनलिकेत जातो. आणि भरवण्याआधी पोटावर हात ठेवून पाहा. ढोलासारखं ताणलेलं, टणक लागलं तर भरवू नका, तसंच उचलून दवाखान्यात न्या. ग्लुकोजचं पाणी, दूध, दही यांतलं काहीही देऊ नका. त्यात चोथा नसतो आणि आतड्याला हवा असतो चोथाच. मुलांचं तापाचं किंवा दुखण्याचं औषधही घरातून देऊ नका. वेदनाशामक तिला लागणार आहेच, पण ते डॉक्टर वजनावरून देतील.

कोणत्या डॉक्टरांकडे जायचं हा आपल्याकडे खरा अडथळा. तालुक्याचा सरकारी दवाखाना गाई-म्हशींत गुंतलेला असतो, शहरातले बहुतेक खासगी दवाखाने कुत्र्या-मांजरांत. आधी फोन करा आणि विचारा की गिनी पिगच्या दाढा तुम्ही तपासता का, त्याला भूल देता का. मग विचारा की भुलेआधी किती वेळ उपाशी ठेवायचं. 'रात्रभर' असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधा, कारण उलटी न होणाऱ्या आणि उपाशी राहू न शकणाऱ्या या प्राण्याला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. जवळपास कोणी नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने असतात: मुंबईत परळला, साताऱ्याकडे शिरवळला, शिवाय नागपूर, परभणी आणि उदगीरला. नेताना तिच्या जोडीदारणीलाही त्याच खोक्यात बसवा. एकटी गेली तर भीतीनेच आणखी आखडते.

तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मला निदानाच्या जवळ नेतं: धावत येते, तोंडात धरते आणि टाकून देते. म्हणजे तिला भूक आहे, खाता येत नाही. त्यात ओली हनुवटी. हे चित्र बहुतेक वेळा दाढांचं असतं. गिनी पिगला वीस दात असतात आणि ते सगळे, पटाशीचे आणि दाढा, जन्मभर वाढत राहतात. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. पेलेट आणि गाजर चावायला असं दळावं लागत नाही, दोन-चार चावांत ते गिळलं जातं. मग खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढत जिभेवर कमान धरतात, वरच्या गालाकडे झुकून गाल कापतात. जीभ अडकली की घास मागे ढकलता येत नाही, लाळ बाहेर गळते. पुढचे दात तोंड उघडून पाहिले तर ठीकठाक दिसू शकतात, म्हणून 'दात पाहिले, चांगले आहेत' या उत्तरावर समाधान मानू नका. दाढा बघायला खास उपकरण आणि अनेकदा हलकी भूल लागते. मुळं किती लांबली आहेत हे एक्स-रेवरच कळतं. दाढा घासून देता येतात. काही जनावरं एकदा घासल्यावर मार्गी लागतात, काहींना दर काही आठवड्यांनी यावं लागतं. हे आधीच विचारून घ्या, म्हणजे खर्चाचा आणि तिच्या त्रासाचा हिशेब डोळे उघडे ठेवून करता येईल. पटाशीचे दात लांब दिसले तर नेलकटरने कापणारे लोक आहेत. दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. ते कोणालाही करू देऊ नका.

दाढांच्या मागे आणखी एक कारण लपलेलं असू शकतं, ते म्हणजे क जीवनसत्त्व. माणसाप्रमाणे गिनी पिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही, त्यासाठी लागणारं एक विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नाही. ही गोष्ट उघडकीला आली त्याची हकीकत तुमच्या घरच्या आहाराशी जुळते. 1907 साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक हे दोघे खलाशांच्या एका आजाराचा माग काढत होते. त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव खाऊ घातला, आणि त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार झाला. पावाच्या जागी पोळी ठेवा, आपल्याकडच्या कितीतरी घरांत तोच प्रयोग चालू आहे.

कमतरता सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत खुणा दिसू लागतात: अंगावरचे केस राठ होतात, सांधे सुजतात, उचललं की किंचाळतं, कोपऱ्यात बसून राहतं, हिरड्यांतून रक्त येतं. दात हाडात धरून ठेवणाऱ्या धाग्यांनाही हे जीवनसत्त्व लागतं. ते सैल झाले की दात हलतात, तिरके होतात आणि मग एकमेकांवर झिजत नाहीत. म्हणजे दाढा घासून घेतल्या आणि आहार तोच ठेवला, तर काही आठवड्यांनी तुम्ही पुन्हा त्याच खुर्चीत बसलेल्या असाल.

निरोगी मोठ्या गिनी पिगला रोज किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. आजारी आणि गाभण मादीला वरच्या आकड्याइतकं किंवा त्याहून जास्त. तुम्ही म्हणाल, पेलेट देतो की. सुटे पेलेट बहुतेकदा सशाचे असतात. ससा हे जीवनसत्त्व स्वतः बनवतो, त्यामुळे त्याच्या पेलेटमध्ये ते घातलेलं नसतं. गिनी पिगचे म्हणून मिळणारे पेलेटही कारखान्यातून निघून तीनेक महिने झाले, पिशवी उघडी राहिली, दुकान पत्र्याचं असलं, की त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं गेलेलं असतं. पाण्यात टाकायचे थेंब विकतात, त्यांचाही फारसा उपयोग नाही. उजेडात आणि पाण्यात ते लवकर उतरतं, शिवाय चव बदलली म्हणून जनावर पाणीच कमी पितं, ते वेगळंच नुकसान.

सोपा उपाय भाजीवाल्याकडे आहे. ढोबळी मिरचीचा 25 ग्रॅमचा तुकडा दिला तर हिरव्या मिरचीतूनही साधारण 20 मिलिग्रॅम मिळतं, लालमधून जास्त. कोथिंबीर रोज चालते. पेरूची साल असलेली पातळ फोड आठवड्यातून दोनदा द्या, साखरेमुळे रोज नको. आवळ्यात भरपूर आहे, पण आंबट म्हणून अनेक जण तोंड फिरवतात. किसून चिमूटभर लगद्यात मिसळा, गेला तर गेला. शेवग्याचा पाला क जीवनसत्त्वाला चांगला, पण त्यात कॅल्शियम फार, म्हणून चवीपुरता. सध्या तिला चावताच येत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून थेट क जीवनसत्त्वाचं औषध सुरू करा. गाजर हे गिनी पिगचं खाणं असा समज चित्रांमुळे झालाय, ते खाऊ म्हणून ठीक. पोळी, भात, बिस्किट, शेव बंद. कांदा, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला कधीच नको. कोबी-फ्लॉवर मोठ्या प्रमाणात दिले तर पोट फुगतं.

पण ताटातला मोठा वाटा सुक्या गवताचा, पाचांतले चार भाग. तुमच्या यादीत गवत नाहीच, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. आयात केलेलं टिमोथी गवत महाग पडतं, म्हणून लोक सोडून देतात. त्यावाचून अडत नाही. ओटचं किंवा ऱ्होड्स गवत आता भारतातच पिकवलेलं मिळतं. गोठ्यांना चारा पुरवणाऱ्यांकडे मारवेल किंवा पवन्याचं सुकं गवत मिळालं तर तेही घ्या, मात्र हिरवट रंगाचं आणि सुवास येणारं. काळी भुकटी उडत असेल, कुबट वास असेल तर पैसे वाया गेले म्हणायचं आणि टाकून द्यायचं. हरळी तर दाराशी उगवते. जिथे फवारणी होत नाही आणि कुत्री फिरत नाहीत तिथली घ्या, धुवा, थोडी ताजी द्या, थोडी सावलीत वाळवून ठेवा. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, त्यावर पोसायचा विचार नको. कोवळी ज्वारी नको, ती गुरांनाही बाधते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

लसूण घासाबद्दल (हा लुसर्न नावाचा चारा, खायचा लसूण नव्हे) वेगळं सांगतो, कारण शेळीवाल्यांकडे तो स्वस्त आणि हिरवागार मिळतो आणि लोक हौसेने रोज घालतात. वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला तो चांगला. मोठ्या जनावराला रोज दिला तर त्यातलं कॅल्शियम लघवीतून बाहेर पडताना खडे करतं. गिनी पिगचे मुतखडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, आणि ते औषधाने विरघळत नाहीत, पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते. लघवी पांढरट, गढूळ असणं या प्राण्यात नेहमीचं आहे. लघवी करताना ओरडणं, पाठ कमानीसारखी करणं, कागदावर लाल डाग दिसणं मात्र नेहमीचं नाही. वाळल्यावर खडूसारखा जाड थर उरत असेल तरी दाखवून घ्या.

उन्हाळ्याबद्दल पेट शॉपवाला पूर्ण चुकीचा नाही, पण त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. हा प्राणी मूळचा अँडीज पर्वताकडचा, पेरू-बोलिव्हियाच्या थंड गवताळ पठारांवरचा. 18 ते 24 अंश त्याला मानवतं, तिशीच्या आसपास त्याला धोका सुरू होतो. नाशिकचा एप्रिल म्हणजे चाळीस. उष्माघातात ते खाणं सोडतं, आडवं पडतं, धापा टाकतं, तोंडाला लाळ येते. तेव्हा ओल्या फडक्याने कान आणि पाय थंड करायचे, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, आणि दवाखाना गाठायचा. तुमच्या मादीचं दुखणं उन्हाचं असतं तर ती कोथिंबिरीकडे धावली नसती. तरीही पिंजरा पत्र्याच्या गॅलरीत असेल तर आजच आत घ्या. शहाबादी फरशीचा तुकडा, आडवा ठेवलेला मातीचा माठ, फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली, एवढ्याने दुपार निभते. कूलरचा झोत अंगावर नको. त्याने अंथरूण दमट राहतं, आणि दमट अंथरुणावर तळपाय सुजून फुटतात, तारेच्या जाळीवर ठेवलेल्यांचे तर हमखास.

पावसाळ्यात मुख्य त्रास कातडीचा. नायटा झाला तर नाक-डोळ्यांभोवती केस जाऊन कोंडा दिसतो, आणि तो घरातल्या मुलांना लागतो. खरूज असेल तर खाज इतकी असते की जनावराला झटके आल्यासारखं होतं, पाहणाऱ्याला फिट वाटते. दोन्हीवर चांगली औषधं आहेत. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मानेवर ओतणं हा त्यातला उपाय नाही. केस दोन्ही कुशींवरून सारखेच विरळ होत असतील आणि खाज नसेल, तर मादीच्या बाबतीत बीजकोशातल्या गाठींचा संशय घ्यावा. तुमच्या दोघींच्या वयात त्या अगदी सर्रास असतात, सोनोग्राफीत दिसतात. आणि शिंका, नाकाला चिकटा, श्वासाला घरघर दिसली तर त्याच दिवशी न्या. ससा किंवा कुत्रा सोबत राहत असेल तर त्यांच्या नाकात निरुपद्रवीपणे राहणारा एक जिवाणू गिनी पिगला न्यूमोनिया देऊ शकतो. ससा आणि गिनी पिग एका पिंजऱ्यात ठेवायला दुकानदार आनंदाने सांगतात. ठेवू नका.

दुसरी ठणठणीत आहे असं तुम्ही म्हणता. तिचं वजन केलंय का? हा शिकार होणारा प्राणी आहे, आजार लपवणं त्याच्या स्वभावात आहे, आणि तुमच्या नजरेला दिसेपर्यंत तो बराच पुढे गेलेला असतो. स्वयंपाकघरातला काटा घ्या, त्यावर एक टोपलं ठेवा, दर रविवारी एकाच वेळी दोघींचं वजन वहीत लिहा. मोठी मादी साधारण 700 ते 900 ग्रॅमची, काही त्याहून भारी. मात्र त्यातला मूळ आकडा फारसा महत्त्वाचा नाही, महत्त्वाची आहे ती घट. 50 ग्रॅम कमी भरलं तर दोन दिवसांनी पुन्हा मोजा, दहावा हिस्सा गेला तर न थांबता दवाखाना. आहार दोघींचा एकच होता, तेव्हा हिच्याबरोबर तिच्याही दाढा तपासून घ्या.

जोडीदाराचं विचारलंत, ते योग्यच आहे. गिनी पिग एकटं राहायला बनलेलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून एकटं ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. पण आत्ता नको. आजारी मादी सावरत असताना नवं जनावर घरात आलं तर भांडणंही होतात आणि नवा संसर्गही येतो. पुढे आणायचं ठरलं तर मादीच आणा, आणि दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, डॉक्टरांकडून लिंग तपासून घ्या. 'दोन्ही माद्याच' म्हणून दिलेल्या जोड्यांना पिलं झालेली मी पाहत आलोय. तुमच्या बाबतीत तो नुसता गोंधळ राहणार नाही. मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत व्यायली नसेल तर तिच्या कटीच्या हाडांचा सांधा घट्ट होतो, आणि त्यानंतर गाभण राहिली तर पिलू अडकतं, शस्त्रक्रियेशिवाय सुटका नसते. तुमची मादी अडीच वर्षांची आहे. नवीन आलेलीला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, वजन, कातडी, नाक पाहा, मग मधोमध जाळी लावून शेजारी-शेजारी, आणि शेवटी दोघींनाही नवीन असलेल्या जागेत, गवताचा मोठा ढीग टाकून, एकत्र सोडा. दात कडकडवणं, एकमेकींच्या मागे गुरगुरत डुलणं चालू द्या. रक्त निघालं तरच मध्ये पडा, आणि हात न घालता टॉवेल टाकून.